दोन पेरं खोल

सरोवरावरचा बर्फ फुटला त्याच आठवड्यात
अकुलिनाच्या डोक्यातही काहीतरी फुटलं.
उजवा हात गेला. उजवा पाय गेला.
शब्द गेले, एक सोडून:
नाही.

चहा? नाही, म्हणते, आणि कप ओढून घेते.
खिडकी लावू? नाही. म्हणजे लाव.
कधी म्हणजे, लावलीस तर बघ.
एप्रिलपासून मी या एका शब्दाचा कोश लिहितोय,
अजून पहिलंच पान चालू आहे.

लसूण हा तिचा प्रांत.
मी चाळीस वर्षं मासेमारी बोटींची इंजिनं खोलली, जोडली.
वाफे तिचे. पेयपसचं पाणी खालून वर चढतं
म्हणून मांडीइतके उंच बांधलेले.
मी खताची ढकलगाडी रिकामी करायची
आणि वाटेतून बाजूला व्हायचं.

गेल्या वर्षी तिनं लावलेला
बर्फाखालून आपोआप उगवला, तिला न विचारता.
जुलैत मी उपटला. वेणी काही जमेना,
तेव्हा फाटक्या जाळ्यात भरून
शेडमध्ये टांगला, पकडलेल्या माशांसारखा.

आता पोक्रोव्हचा सण होऊन गेला.
प्रार्थनाघराच्या छपरावर पहाटे पांढरं दिसायला लागलं.
सावाती कुंपणापलीकडून ओरडला,
"फेओक्तिस्त, सगळ्या गावाचा लावून झाला!"
गावाला रस्ता एकच. बातमीला दुसरीकडून जायची सोयच नाही.

गड्डे फोडले. सालाचा पापुद्रा तसाच ठेवला.
मोठ्या पाकळ्या मातीला, बारक्या भांड्याला,
एवढं तिचं ऐकून ऐकून कानात राहिलेलं.
तिला उशीचा टेकू देऊन खिडकीशी बसवलं
आणि गुडघे टेकले.

बोटाची दोन पेरं खोल पेर,
असं काहीसं म्हणायची ती.
माझं बोट जाड, भोक जास्तच मोठं होतं.
टाकली पाकळी, ओढली माती. पुढची.
पहिली ओळ. दुसरी.

टक् टक्.
काचेवर. डाव्या हाताच्या पेरानं.
थंडी वाजत असेल, म्हणून आत गेलो, शाल दिली.
नाही.
पाणी? नाही.
बाहेर आलो, आणखी चार लावल्या. टक् टक् टक्.
पुन्हा बूट काढले, पुन्हा आत.
नाही, नाही, नाही, आणि डोळ्यांत पाणी.
शेवटी मूठ उघडली तिच्यासमोर.
तळव्यावर पाकळी आडवी पडलेली.
तिनं डाव्या हाताच्या चिमटीत धरली,
उभी केली.
बूड खाली. टोक वर.

अरे देवा. पिस्टन कधी उलटा बसवला नाही मी आयुष्यात.

त्रेचाळीस पाकळ्या उकरून काढल्या,
एकेकीची मान सरळ केली.
सावाती बघत होता; त्याचं हसू
आज रात्रीपर्यंत गावाच्या टोकाला पोचेल.

तिसऱ्या ओळीपासून काच गप्प.
चौथी. पाचवी.
वाऱ्यात वेताचा सरसराट,
कुठेतरी मासा धुरावर धरल्याचा वास,
काच गप्प.
झोपली का? वळून बघायचा धीर होईना.
सहाव्या ओळीत, तिला नीट दिसेल अशी,
हात उंच करून,
एक पाकळी मी उलटी रोवली.

श्वास धरून बसलो.

टक्.

सुलट केली.
पुढच्या ओळीत परत एक उलटी. टक्.
संध्याकाळ होईपर्यंत असंच बोलत होतो आम्ही,
एप्रिलनंतर इतकं पहिल्यांदाच.

अंधार पडता पडता वेत कापून वाफ्यांवर पसरले.
एक उलटी तशीच राहिली आहे, मुद्दाम.
सावाती म्हणतो, तीही येते वर,
जरा वाकडी, जरा उशिरा.

आत आलो. बोटं तिच्या नाकाशी नेली.
कितीतरी वेळ हुंगत राहिली ती.
मग नजर खाली गेली, माझ्या बुटांवर,
दारापासून उमटत आलेल्या चिखलावर.

नाही, म्हणाली.

हा अर्थ मला चाळीस वर्षांपासून पाठ आहे.